शाळेशी सोयरीक

आमच्या घराण्यात लग्नापेक्षा लग्नाआधीच्या चौकशीला मान जास्त. स्थळ आलं की वडिलांचे दोन मावसभाऊ पिशवीत एकेक धोतर घालून निघायचे आणि मुलाच्या गावचा वाणी, डॉक्टर, देवळातला गुरव, समोरचा पेन्शनर अशा सगळ्यांना गाठून माहिती काढून आणायचे. मुलगा तंबाखू खातो का, बापाला दमा आहे का, आजोळ कुठलं, घरात कोणी वेडंबिडं होतं का. एवढं करून त्या त्या घरी ज्या आमच्या मुली गेल्या, त्यांतल्या बऱ्याच जणी पहिल्या दिवाळसणालाच रडत आल्या. पण चौकशीत काही कसर राहिली असं कोणी कधी म्हणालं नाही. बोल लावायचा तो नशिबाला, चौकशीला नाही, असा आमच्याकडे दंडक होता.

मी स्वतः या चौकशीतून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा सुटले. एकदा पत्रिका जमली नाही. दुसऱ्यांदा मुलाच्या आईला गणिताची पदवीधर सून नको होती. उद्या घरातला हिशोब विचारेल अशी धास्ती वाटली असावी. त्यानंतर घरच्यांनी हात टेकले आणि मी तिशी ओलांडून साताऱ्याला मुलींच्या शाळेत बीजगणित शिकवत राहिले. नोकरी कायमची होती. मुख्याध्यापिका मात्र वरचे वर्ग काही केल्या माझ्या हाती देत नव्हत्या, कारण त्या वर्गांना गणित पुरुषांनीच शिकवावं असं त्यांचं मत होतं आणि त्या स्वतः भूगोल शिकवत होत्या.

कुवेतला मी गेले ती नोकरीसाठी नव्हे, वहिनीच्या बाळंतपणासाठी. तिला माहेरी आई नव्हती, आणि दादाला चहासुद्धा करता येत नव्हता. तो तिथे एका कंपनीत हिशेबनीस होता. रुपया जाऊन दिनार आला त्याला फार दिवस झाले नव्हते आणि बाजारात बायका अजून मनातल्या मनात भाव रुपयांत करून बघत. मी शाळेतून जूनपर्यंतची बिनपगारी रजा घेतली आणि बोटीने जाऊन पोचले. सालमियात समुद्रापासून जवळच दादाची जागा होती. खाली तळमजल्यावर श्रीवर्धनकडची एक मुसलमान बाई राहायची. तिच्या नवऱ्याचा शुवैख बंदरावर लाकडाचा मोठा व्यापार होता. तिला सगळे चाची म्हणत, मीही म्हणू लागले. चाचीच्या तोंडाला फाटक नव्हतं, आणि मला असली माणसं आवडतात.

बाळ झालं, बाराव्या दिवशी बारसं झालं. त्या बारशाला एका भारतीय शाळेचे संचालक सपत्नीक आले होते. एक बंगला भाड्याने घेऊन त्यांनी त्यात शाळा काढली होती. त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. सर बोलायला इतके गोड की ऐकणाऱ्याच्या दाताला कीड लागावी. मी गणित शिकवते हे कळताच त्यांनी घुगऱ्यांची ताटली खाली ठेवली आणि म्हणाले, ‘‘बाई, देवानेच तुम्हाला पाठवलं. आमचे वरचे वर्ग अगदी अनाथ आहेत हो.’’ राहायला शिक्षिकांचं वेगळं घर, दोन वेळचं जेवण, आणि पगार असा की मी तो आकडा मुद्दाम पुन्हा विचारून घेतला. उत्तर मात्र लवकर हवं होतं.

खरं सांगते, मला ती नोकरी हवी होती. वरचे वर्ग हवे होते, स्वतःचा पैसा हवा होता, आणि संध्याकाळी वाळूवरून एकटीने चालत जावं, कोणी ‘कुठे निघालीस’ विचारू नये, हेही हवं होतं. पण त्यासाठी साताऱ्याचा राजीनामा पाठवायला लागणार होता. तिथली कायमची जागा एकदा गेली की पुन्हा मिळणार नव्हती; माझ्या जागेवर डोळा ठेवून तिघी बसल्या होत्या. इथे काही वावगं निघालं तर तेलही गेलं, तूपही गेलं, अशी गत. तेव्हा आधी नीट चौकशी करायची असं ठरलं. आणि चौकशी म्हटल्यावर आमच्या दादाच्या अंगात दोन्ही मावसकाका एकदम संचारले.

दर शुक्रवारी सुट्टीला दादाकडे मराठी मंडळींचा अड्डा जमे. त्यांत बँकेत असलेले एक गृहस्थ होते, मंडळीत सर्वांत वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणू. चौकशीची सूत्रं अर्थातच अण्णांकडे गेली. पुढच्या शुक्रवारी ते चिवड्याची बशी मांडीवर घेऊन बसले आणि त्यांनी निकाल वाचावा तसं सांगितलं, ‘‘माणूस आपल्यातला आहे.’’

‘‘म्हणजे?’’ मी विचारलं.

‘‘म्हणजे आपल्यातला. आजोळ वाईचं.’’

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. वाईला आजोळ असलेला माणूस वाईट असू शकतो ही शक्यता त्या खोलीत कोणाच्याही मनात आली नाही. मी वाईचे दोन लबाड चांगले ओळखत होते, पण मला कोणी विचारलं नाही.

मग पुढचा तपशील आला. व्यसन नाही, सुपारीसुद्धा नाही. घरी दीड दिवसाचा गणपती बसतो. बायको सुगरण, अळूवड्या करते, इथे, या वाळूत! अळूची पानं कुठून आणते देव जाणे. बँकेतलं खातं स्वच्छ. घरमालकाची तक्रार नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, असं सज्जन गिऱ्हाईक नाही. 

‘‘पण शाळेत तास किती असतात?’’ मी म्हटलं. ‘‘करार लेखी देतात का? आधीची गणिताची बाई का गेली?’’

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. वरपक्षाला नवऱ्या मुलीने स्वतःच प्रश्न विचारावा तसं त्यांना झालं होतं. ‘‘ते सगळं होतं हो मागाहून. आधी माणूस बघायचा. आणि आपल्या माणसाकडे लेखी मागायचं म्हणजे बरं दिसत नाही.’’

‘‘तिथे आत्ता शिकवतात त्या बायकांना विचारलंत?’’

‘‘त्यांना काय विचारायचं? त्या तर तिथे नोकरीलाच आहेत.’’

समोर बसलेले चार-पाच शिकलेसवरलेले पुरुष माना डोलावत होते आणि त्यांतल्या एकालाही त्या वाक्यात काही चुकलंय असं वाटत नव्हतं. कोपऱ्यात वहिनी बाळाला घेऊन बसली होती. तिने उठून सगळ्यांचे कप गोळा केले.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर दुपटी वाळत घालताना चाचीला मी ही हकीकत सांगितली. ती हातातली उशी उन्हात टाकून तिच्यावरच बसली आणि पोट धरून हसली.

‘‘अगो बाय, तुज्या भावान् दुकानवाल्याला इचारलान, घरवाल्याला इचारलान. आतल्या पोरींना इचारलान काय? नाय ना? माज्या लग्नात माज्या बापाशीन् पन अख्खा गाव इचारलान. माज्या थोरल्या जावेला सोडून. तिला इचारला असता तर तिना सांगितला असतान, पोरीला इहिरीत ढकल, पन या घरात देऊ नको.’’

‘‘मग तुम्ही काय केलंत?’’

‘‘काय करतंय? सासू मरंपरेंत थांबली.’’

चाचीला आता नातवंडं होती, सोन्याच्या बांगड्या कोपरापर्यंत होत्या, तेव्हा तिला हसायला काय जात होतं! मी मात्र जिना उतरताना विचार करत होते. आतल्या बायकांना विचारायचं खरं, पण कसं? शाळेच्या फाटकाशी उभं राहून ‘तुमचे सर कसे आहेत हो’ असं विचारलं तर कोणती बाई खरं सांगेल? सासुरवाशिणीला रस्त्यात गाठून सासूबद्दल विचारलं तर ती ‘छान आहेत’ असंच म्हणते. ते मी वहिनीपाशी बोलून दाखवलं. ती बाळाला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘वन्सं, चैत्र सुरू आहे. हळदीकुंकू करू या की. शाळेतल्या सगळ्या बायकांना बोलावू. पुरुष काही तिथे येऊन बसायचे नाहीत.’’

इतकं साधं होतं ते. चाचीच्या नवऱ्याने मुंबईहून आलेल्या लाँचवरच्या कोणाकडून तरी टोपलीभर कैऱ्या मिळवून दिल्या. वहिनीने हरभऱ्याची डाळ भिजत घातली, मी वाटली. कैरी घालून केलेली ती डाळ आणि पन्हं यांच्या वासाने आमचा सगळा जिना घमघमला. दादाला वाटलं, बहीण सासरच्या, म्हणजे शाळेच्या, माणसांची उठबस करायला शिकली. तो खूश होता.

शिक्षिका आल्या. शाळेच्या गाडीतून आल्या, आणि त्यांच्यासोबत सरांच्या मालकीणबाई आल्या. तशी मी त्यांनाही बोलावलंच होतं. पण त्या पाहुणी म्हणून आल्या नव्हत्या, कळप राखायला आल्या होत्या. शिक्षिका चौघी होत्या, सगळ्या पंचविशीच्या आतबाहेर. चौघी एका सतरंजीवर ओळीने बसल्या. मालकीणबाई खुर्चीवर.

‘‘कसं वाटतं इथे?’’ मी पहिलीला विचारलं.

‘‘अगदी घरच्यासारखं,’’ मालकीणबाई म्हणाल्या.

‘‘संध्याकाळी समुद्रावर जाता की नाही?’’ मी दुसरीला विचारलं.

‘‘तिला वारा सोसत नाही,’’ मालकीणबाई म्हणाल्या.

‘‘डाळ आणखी घ्या ना,’’ मी तिसरीला म्हटलं.

‘‘तिला तिखट चालत नाही,’’ मालकीणबाई म्हणाल्या. तिसरी त्या वेळी स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा डाळ वाढून घेत होती. तिने चमचा परत पातेल्यात ठेवला.

मला हसू येत होतं आणि राग येत होता. गणितात एक पद्धत आहे. सरळ उत्तर निघत नसेल तर काहीतरी धरून चालायचं आणि ते कुठे जाऊन अडतं ते पाहायचं. यांचे पासपोर्ट यांच्याकडेच आहेत असं धरून मी साळसूद चेहरा केला आणि म्हटलं, ‘‘मला एक पाहायचं होतं. इकामा, म्हणजे तो राहण्याचा परवाना, त्याचा शिक्का पासपोर्टात कसा मारतात? तुमच्यापैकी कोणी मला नंतर केव्हातरी दाखवाल का?’’

चौघी एकदम आपापल्या वाट्यांत बघू लागल्या. मालकीणबाई खळखळून हसल्या. ‘‘यांच्याकडे कुठे असायला! सगळ्यांचे आमच्या ह्यांच्या कपाटात आहेत. कोवळ्या पोरी, कुठे टाकतील, कुठे हरवतील. सूनबाईचे दागिने आपण नाही का आपल्या कपाटात ठेवत?’’

खोलीत आजूबाजूच्याही सात-आठ बायका होत्या. त्या सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. ‘‘किती जपतात हो पोरींना,’’ असंही कोणी म्हणालं. त्यांतल्या प्रत्येकीचे दागिने कोणत्या ना कोणत्या सासूच्या कपाटात पडून होते, आणि लग्नानंतर ते तिला फक्त दुसऱ्याच्या लग्नात घालायला मिळाले होते. हे मी अंदाजाने म्हणत नाही. त्याच बायकांनी मागच्या आठवड्यात मला एकेक करून तसं सांगितलं होतं, आणि सांगताना डोळ्यांना पदर लावला होता.

इतक्यात वहिनीच्या हातून पन्ह्याचा पेला मालकीणबाईंच्या साडीवर सांडला. वहिनीच्या हातून तोवर पाणीसुद्धा सांडलेलं मी पाहिलं नव्हतं. ती ‘अगबाई, अगबाई’ करत मालकीणबाईंना मोरीत घेऊन गेली आणि बराच वेळ साडी धूत राहिली. मी घाईघाईने चौथीला हळदीकुंकू लावायला वाकले. ही नागपूरकडची होती, विज्ञान शिकवायची. मी कपाळाला बोट लावलं तशी ती ओठ न हलवता बोलू लागली.

‘‘बाई, येऊ नका. मागच्या वर्षी माझे वडील गेले. तार आली तेव्हा मी पासपोर्ट मागितला. सर म्हणाले, पोरी, आता जाऊन काय उपयोग, तू पोचेपर्यंत तेरावं होऊन जाईल. त्यांनी स्वतः माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी करवली. फार गोड बोलले.’’

मोरीतलं पाणी बंद झालं. तिने दोन्ही हात पुढे करून प्रसादाचे हरभरे घेतले आणि मोठ्याने ‘छान झालंय हो सगळं’ म्हणाली.

पाहुण्या गेल्या. दादा बाहेरून आला, उरलेली डाळ घेऊन बसला आणि ‘मग, कशा वाटल्या मंडळी?’ असं हसतहसत विचारू लागला. मी म्हटलं, मला ही नोकरी करायची नाही, आणि का ते सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. मला वाटलं, त्या मुलीच्या वडिलांचं ऐकून त्याला वाईट वाटलं. पण तसं नव्हतं.

‘‘अगं, पण मी तर तुझा पासपोर्ट सरांना देऊन आलो.’’

‘‘केव्हा?’’

‘‘मंगळवारी. इकाम्याला लागतो ना. तुझी रजा संपायच्या आत सगळं व्हावं म्हणून... आणि शब्दही दिला.’’

मी बोटीतून उतरले त्या दिवशी पासपोर्ट दादाने घेतला होता. तो त्याच्या कपाटात असे आणि मला त्याची आठवणही झाली नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं. ‘‘मला विचारलं नाहीस?’’ मी ओरडले. आयुष्यात प्रथमच त्याच्यावर ओरडले असेन.

‘‘तुला काय विचारायचं? कपाटातच तर होता!’’ तो म्हणाला. त्याला खरोखरच माझ्या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं होतं.

जून तोंडावर आला होता. पासपोर्टाशिवाय मला बोटीत कोणी पाऊल ठेवू देणार नव्हतं. शाळा उघडण्याच्या दिवशी हजर झाले नाही की सातारची जागा गेली, आणि ती गेली की मी आपसूक सरांच्या सतरंजीवर पाचवी. मी दादाला म्हटलं, उद्या जा आणि घेऊन ये. दादा जाईना. चौकशी आपण केली, हो आपण म्हटलं, आता कोणत्या तोंडाने जायचं? त्याने अण्णांना बोलावलं. अण्णांनी दोन कप चहा पिऊन सखोल विचार केला. मुलीकडून नकार द्यायचा तर समोरच्याचा मान राहील असं कारण पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तब्येतीचं सांगावं का? आईला बरं नाही म्हणावं का? दोन दिवस त्यांचं कारण शिजत होतं. त्या मुलीला वडिलांच्या शेवटच्या दर्शनाला जाऊ दिलं नाही याबद्दल दोघांपैकी एकही जण एक अक्षर बोलला नाही. सरांचा मान कसा राखावा यातच ते बुडून गेले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी साडी बदलली आणि खाली जाऊन चाचीला म्हटलं, ‘‘शाळेत येता का माझ्यासोबत?’’ तिने काही न विचारता पायात चपला घातल्या.

आम्ही टॅक्सीने गेलो. शाळेत नव्या प्रवेशांचा दिवस होता. सरांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात बाकांवर आईबाप बसले होते, सगळीकडचे, मद्रासकडचे, गुजरातकडचे, आपल्याकडचेही. चाची त्यांच्यात जाऊन बसली. मी आत गेले आणि दार उघडंच ठेवलं.

‘‘या बाई, या. पन्हं फार सुरेख झालं होतं म्हणे,’’ सर म्हणाले.

‘‘सर, मी तुमच्याकडे नोकरी करणार नाही. माझा पासपोर्ट द्या.’’

‘‘अहो, बसा तर. आणि असं करा ना, दादांनाच पाठवा. आमचं बोलणं घरच्या पुरुषमाणसांशी झालंय.’’

‘‘शिकवणार मी होते. बोलणं माझ्याशी व्हायला हवं होतं.’’

‘‘आपल्यात असं तुटक बोलतात का बाई? काही अडचण असेल तर सांगा. आम्ही काय परके आहोत?’’

‘‘पत्रिका जमत नाही,’’ मी म्हटलं.

ते मनापासून हसले. ‘‘नोकरीला पत्रिका कसली हो?’’

‘‘मग नोकरीला कपाट कसलं?’’

सरांचं हसू थांबलं. ते दार लावायला उठले, तेव्हा मी माझी खुर्ची ओढून उंबऱ्यावर घातली आणि तिच्यावर बसले. मुलींच्या शाळेत शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायची मला सवय होती. ते सगळं शिक्षण मी त्या दिवशी कारणी लावलं. सगळ्या आईबापांना समजावं म्हणून हिंदीत बोलले. म्हटलं, ‘‘सर, मेरा पासपोर्ट दे दीजिए। मैं आपकी नौकर नहीं हूँ, फिर भी मेरा पासपोर्ट आपके कपाट में बंद है।’’ माझं हिंदी यथातथाच होतं, पण मुद्दा पोचला. व्हरांड्यात कुजबूज सुरू झाली. कोणीतरी चाचीला विचारलं, काय झालं? एवढंच तिला हवं होतं. तिने पहिल्या बाकापासून सुरुवात करून प्रत्येकाला सविस्तर सांगायला घेतलं, आणि दर खेपेला हकीकत थोडी वाढत गेली.

आमच्या लोकांना पापाची भीती नसते. चारचौघांत शोभा होण्याची असते. सरांनी कपाट उघडलं. आत रबर लावलेला पासपोर्टांचा गठ्ठा होता, खाली फराळाचा डबा. माझा त्यांनी काढून टेबलावर टाकला. आता त्यांच्या बोलण्यात साखर राहिली नव्हती. ‘‘तुमच्यासारख्या बाईला इथे कुठेच नोकरी मिळणार नाही, एवढं लक्षात ठेवा,’’ ते म्हणाले.

मी पासपोर्ट उचलला. समोरच्या वर्गाच्या दारात ती नागपूरची मुलगी हातात खडू धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं. मी सरांना म्हटलं, ‘‘यांचाही देऊन टाका की. इथेच आहे.’’

‘‘त्यांनी मागितलाय का?’’ सरांनी तिच्याकडे पाहत विचारलं. ‘‘काय हो बाई, हवाय का तुम्हाला?’’

‘‘नाही सर, मी कुठे मागितलाय?’’ ती म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

मला तिचा भयंकर राग आला. टॅक्सीत बसेपर्यंत तो टिकला. मग आठवलं, मी दहा दिवसांत बोटीत चढणार होते आणि तिला त्या संध्याकाळी त्याच घरात, त्याच मालकीणबाईंसमोर जेवायला बसायचं होतं. चाची माझा हात धरून बसली होती.

आम्ही घरी पोचण्याआधी टेलिफोनने बातमी बँकेत पोचली होती आणि अण्णा बँकेतून आमच्याकडे. दादाचा चेहरा पडलेला. अण्णांनी माझ्याकडे न बघता दादाला सांगितलं, ‘‘मुलगी हुशार आहे, पण तोंड फार. लग्न का जमलं नाही ते आज कळलं.’’ मग, जाता जाता, गावाकडच्या साखर कारखान्यातल्या कोणा ओळखीच्याच्या मुलीसाठी ती गणिताची जागा आता सुचवायला हरकत नाही, असंही म्हणाले. चौकशी तर झालेलीच होती. मी म्हटलं, त्या मुलीचा पत्ता द्या, मीच पत्र लिहिते. ते पत्ता न देताच गेले. पुढे वहिनीने त्यांच्या बायकोकडून तो मिळवून मला साताऱ्याला पाठवला आणि मी पत्र टाकलं.

दादा बिचारा वाईट नव्हता. अण्णा गेल्यावर तो म्हणाला, ‘‘चुकलं माझं. देऊन टाकायला नको होता.’’ त्याचे डोळे खरंच भरून आले होते. मलाही गहिवरून आलं. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि तोच हात मायेने पुढे केला. ‘‘आण तो इकडे. नीट जपून ठेवतो.’’

मी पासपोर्ट घट्ट धरला. सही करायला एकदा आणि बोटीवर चढता-उतरताना, याखेरीज तो माझ्या हातात कधी आला नव्हता. आत माझाच फोटो होता, डोळे विस्फारलेला.

‘‘माझ्याकडेच राहील,’’ मी म्हटलं.

‘‘म्हणजे? माझ्यावर विश्वास नाही?’’ दादा खरोखर दुखावला. मी कोणाशी भांडून आले आणि कशावरून, ते त्याला समजलंच नव्हतं.

वहिनी आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. बाळ खांद्यावर झोपलं होतं. तिने पदर सारखा केला आणि दादाला, नेहमीच्याच हळू आवाजात, म्हणाली,

‘‘अहो, माझाही काढून द्या. तो पण तिथेच आहे.’’

दादा उठला. कपाटाची किल्ली त्याच्या जानव्याला बांधलेली असायची. तरी त्या दिवशी ती शोधायला त्याने फार वेळ लावला.